मापघरात उरलेला पाय

१

हिशेब मांडायचा तर आधी थोरल्यांचा मांडायला हवा, कारण मापघरातली सगळी मापं नाहीशी झाल्यानं सर्वांत मोठी कमाई त्यांची होणार होती. कमाई म्हणजे एक वाक्य उरलेला जन्मभर वापरायचा हक्क: "मी तेव्हाच म्हणत होतो." धाकट्या भावानं दुकानाचा सगळा कारभार क्लाउडवर नेला तेव्हा घर आणि कारखाना मिळून एकटे थोरले नाही म्हणाले होते. ते त्याला 'तुमचा तो ढग' म्हणत, तेही अशा सुरात, की जणू तो धाकट्याच्या सासरहून आलाय.

सोमवारी सकाळी दुकान उघडलं आणि ढगात काही नव्हतं.

दुकान बुटांचं, पण काचेमागे बूट मांडून ठेवणारं नव्हे. ज्यांचे पाय चारचौघांसारखे नसतात त्यांच्यासाठी इथे बूट बनत. कुणाचा एक पाय आखूड, कुणाचा तळवा वळलेला, कुणाची बोटं कमी. पूर्वी या पायांचे प्लास्टरचे साचे माळ्यावर असत. आता मापघरात एक मुलगी, जिला सगळे मापवाली म्हणत, हातातला स्कॅनर पायाभोवती फिरवायची. पायाची हुबेहूब आकृती पडद्यावर उमटायची आणि क्लाउडवर जाऊन बसायची. मग ऑफिसात, कारखान्यात, धाकट्यांच्या फोनवर, कुठेही उघडा. माळा रिकामा झाला, गिऱ्हाइकं वाढली, आणि धाकटे जेवतानाही फोनवर लोकांचे पाय बघू लागले.

त्या सोमवारी त्या जागी एकच फाईल उरली होती. एका गिऱ्हाइकाचा एक डावा पाय. बाकीचं सगळं कुणीतरी पुसलं होतं, आणि पुसलेलं जिथून परत काढता येतं ती कचरापेटीही आठवणीनं रिकामी केली होती. क्लाउडवाल्या कंपनीच्या माणसानं फोनवर अतिशय नम्रपणे हात वर केले. जादा प्रत ठेवायची सोय वेगळी घ्यावी लागते, ती तुमच्या दुकानानं घेतलेली नाही, असं तो म्हणाला. कुणी घेतली नाही, हे विचारायचं त्या गडबडीत कुणाला सुचलं नाही.

मात्र कोण, कधी काय करतं याची नोंद त्यांच्याकडे होती. त्यांनी ती पाठवली. शनिवार दुपार. पुसणाऱ्याचं नाव स्वच्छ लिहिलेलं होतं.

मापवालीचं.

२

धाकट्यांच्या सासूबाई, थोरल्यांच्या विहीणबाई, निवृत्त होईपर्यंत विमा कंपनीत लोकांचे दावे तपासत असत. जळालेल्या गोदामाचा मालक त्यांना काय काय जळालं ते सांगायचा, आणि त्या मान हलवत हलवत काय उरलंय ते बघत राहायच्या. चहा पिताना त्या कुणाकडे बघत नसत, म्हणून लोक त्यांच्यासमोर मोकळे बोलत. नंतर पस्तावत.

त्यांना बोलवायची कल्पना थोरल्यांची. धाकट्यांना ती रुचली नसावी, पण सासूला येऊ नका म्हणायचं धैर्य कुठल्याही क्लाउडवर मिळत नाही.

विहीणबाई मंगळवारी सकाळी आल्या तेव्हा निकाल जवळजवळ लागलेला होता. धाकट्यांनी मापवालीचा राजीनामा टाईप करून ठेवला होता. त्यात, माझ्या हातून मापं पुसली गेली, असं एक वाक्य होतं. संध्याकाळपर्यंत सही केली तर पोलिसांत जाणार नाही, हा मोठेपणा. कारणही तयार होतं. मापवालीला एका मोठ्या बूट कंपनीत नोकरी लागली होती, पुढच्या महिन्यात ती जाणार होती. जाण्याआधी तिनं गिऱ्हाइकांची मापं उचलली आणि मागची पाटी कोरी केली, असा धाकट्यांचा तर्क. तो त्यांनी त्या कंपनीला फोनवर ऐकवलाही होता. त्या लोकांनी मुलीला कळवलं, सध्या थांबा.

मापवाली मापघरातल्या ठेंगण्या स्टुलावर बसली होती, जिथे बसून ती रोज लोकांचे पाय मांडीवर घ्यायची. रडून झालेलं होतं. तिचं म्हणणं थोडक्यात असं, की शनिवारी दुपारी ती एका संगीत शिकवणाऱ्या बाईंचा पाय स्कॅन करत होती. मध्येच पडद्यावरची फायलींची यादी आखडत आखडत गेली. तिला वाटलं, इंटरनेट सुस्तावलं. तिनं हातातलं माप पुरं केलं, जतन केलं, आणि अर्धा दिवस म्हणून घरी गेली.

"त्या बाईंना विचारता येईल?" विहीणबाईंनी विचारलं.

मापवालीनं असं पाहिलं, की जणू यांनी देव्हाऱ्यात चप्पल घालून जायची परवानगी मागितलीय. या दुकानात गिऱ्हाइकाला साक्षीला बोलवत नाहीत. दोघा भावांच्या वडिलांनी घालून दिलेला नियम होता: इथे आलेला पाय गिऱ्हाइकानं पाहायचा आणि आपण पाहायचा, तिसऱ्यानं नाही. फायलीवर नाव नसायचं, नुसता आकडा. रस्त्यात गिऱ्हाईक भेटलं तर ओळख दाखवायची नाही. आणि साचा लागेनासा झाला, की मालकानं तो स्वतःच्या हातानं फोडायचा.

मागच्या अंगणात थोरले तेच करत होते. वारलेल्या एका गिऱ्हाइकाच्या उरलेल्या साच्यावर फडकं टाकून हातोडीनं घाव घालत होते. तुकडे झाले तरी थांबेनात. पार भुकटी झाल्यावर त्यांनी फडकं उचललं. विहीणबाई बाजूच्या बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, की तुमच्या ढगाचं ऐकलं, वाईट झालं.

आता ते वाक्य येणार म्हणून त्या थांबल्या. आलं नाही. थोरले भुकटी पोत्यात भरत राहिले.

"मुलगी चांगली आहे हो," एवढंच ते म्हणाले, आणि हातोडी जागेवर ठेवण्याऐवजी घरात घेऊन गेले.

जन्मभराची कमाई दारात येऊन उभी आहे आणि माणूस दार उघडत नाही. विम्याच्या नोकरीत विहीणबाईंनी असं एकदाच पाहिलं होतं. तिथे मालकाला स्वतःचाच संशय होता.

३

ऑफिसातल्या कारकुनाला सगळे खोडरबर म्हणत. टेबलावर, पडद्यावर, कुठे काही साठलेलं त्याला सोसत नसे. रोज निघताना तो आपल्या कॉम्प्युटरची कचरापेटी रिकामी करायचा, आणि या सवयीपायी दोन दिवस दुकानातले लोक त्याच्याकडे तिरक्या नजरेनं बघत होते. तो बिचारा न विचारताच सांगू लागला, की शनिवारी दुपारी तो दुकानात नव्हताच. जुना कॉम्प्युटर उचलून गल्लीच्या टोकाच्या वाचनालयात द्यायला गेला होता.

"कुठला जुना?"

मापघरातला. नवा आल्यापासून इथे ऑफिसाच्या कोपऱ्यात पडून होता. वाचनालयाला हवा होता, म्हणून थोरल्यांनी देऊन टाकला. खोडरबरनं बोटानं दाखवलं. कोपऱ्यातल्या टेबलावर धुळीच्या मधोमध एक स्वच्छ चौकोन होता.

विहीणबाईंनी कंपनीकडून आलेली नोंद मागवून घेतली आणि चष्मा वर सारून वाचली. नोंद सरळ होती, पण कुणी सरळ वाचली नव्हती. नाव दिसल्यावर पुढे वाचायची गरज कुणाला वाटते? आधी पुसायला सुरुवात. फायली भारंभार, म्हणून ते बराच वेळ चाललेलं. ते चालू असतानाच मध्ये एक ओळ: नवी फाईल जतन केली. मग पुन्हा पुसणं. मग कचरापेटी रिकामी.

दुकानात सगळे या उरलेल्या पायाकडे चोराची नजरचूक म्हणून बघत होते. विहीणबाईंना ती साक्ष वाटली. एका हातात स्कॅनर, मांडीवर गिऱ्हाइकाचा पाय, आणि त्याच वेळी तिसऱ्या हातानं पुसायचं, असे तीन हात त्या मुलीला नव्हते. जो पुसत होता त्याला ही फाईल दिसलीच नाही, कारण तो निवडून घेऊन पुसायला लागला तेव्हा ती जन्मलीच नव्हती. म्हणजे ठेवणारी एक आणि पुसणारा दुसरा. आणि दोघांचं नाव एकच.

त्या परत मापघरात गेल्या आणि विचारलं, की तुझ्या नावानं क्लाउडमध्ये अजून कोण शिरतं?

मापवाली गोंधळली. तिला वाटत होतं, हे सगळ्यांना माहीत आहे. "सगळेच शिरतात, मावशी. छोट्या सरांनी पहिलं खातं माझ्या नावानं काढलं. माणशी वेगळं खातं घ्यायचं तर वर्गणी वाढते. म्हणून मग सगळ्या कॉम्प्युटरवर माझंच नाव, माझाच पासवर्ड."

"सगळ्या म्हणजे? जुन्यावरसुद्धा?"

"हो. पहिला तोच होता."

विहीणबाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. ही गोष्ट जावयानं त्यांना सकाळी दोन कप चहा पिताना सांगितली नव्हती.

४

वाचनालय छोटं होतं. पुढे वर्तमानपत्रांचं टेबल, मागे कपाटं, खिडकीशी तो कॉम्प्युटर. ग्रंथपाल हौशी गृहस्थ होते. देणगी मिळाल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर अजून ताजा होता. कॉम्प्युटर अगदी धुऊनपुसून आला, म्हणाले, आत एक चित्रसुद्धा नाही. थोरले स्वतः बसून सगळं पुसत होते म्हणे, तुमचा कारकून सांगत होता, त्याला बाहेर ताटकळत ठेवलं.

"मग हे काय?" विहीणबाईंनी पडद्याकडे बोट केलं.

पडद्याच्या कोपऱ्यात ढगाचं एक इवलंसं चित्र होतं. आणि मध्यभागी एक पाय. टाच वर ओढलेली, तळवा आत वळलेला, दोन बोटं एकमेकांवर चढलेली. ज्या पायाला साऱ्या दुकानात फक्त दोघांनी पाहायचं, तो पाय वर्तमानपत्रांच्या टेबलासमोर उघडा पडला होता.

ग्रंथपाल हसून म्हणाले, की ही गंमतच आहे. रविवारी इंटरनेट जोडलं तशी ती फाईल आपणहून आली. त्यांना वाटलं दुकानाची जाहिरात. पेपर वाचायला येणाऱ्या दोघांनी ती उघडली आणि बराच वेळ फिरवून फिरवून बघत बसले. हा माणसाचा की कुठल्या प्राण्याचा, यावर पैज लागली. सगळे हसत होते. एक बाई मात्र वैतागल्या बहुतेक, पुस्तक न घेताच निघून गेल्या.

विहीणबाईंनी पडदा बंद केला.

आता सगळं समोर होतं. थोरल्यांनी साचे फोडले होते, एवढंच. जुना कॉम्प्युटर परक्या हातात जाणार, आत लोकांचे पाय, म्हणून वडिलांच्या नियमाप्रमाणे बसून शेवटच्या पायापर्यंत पुसून टाकले, भुकटी केली, कचरापेटीही ओतली. त्यांच्या लेखी ते एका कपाटातले साचे होते. दुसऱ्या कपाटातले पाय त्या हातोडीनं कसे फुटतील? पण क्लाउडला जोडलेली सगळी कपाटं आतून एकच असतात, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ज्यानं सांगायचं त्यानं त्या कॉम्प्युटरची जोडणीही तोडली नव्हती.

एवढ्यावर थांबता आलं असतं. चूक, गैरसमज, मुलगी सुटली. विहीणबाई उठल्यासुद्धा. तेवढ्यात ग्रंथपाल म्हणाले, "तुमचे जावई भारी दिलदार आहेत हो. काल येऊन गेले. हा जुना परत द्या म्हणाले, बदल्यात कोरा नवा पाठवतो. मी म्हटलं, समितीला विचारावं लागेल."

विहीणबाई पुन्हा खुर्चीवर बसल्या.

माणशी खात्याची वर्गणी वाचवणारा माणूस जुनं घेऊन नवं द्यायला येतो, तेव्हा त्याला त्या जुन्यात काय आहे ते माहीत असतं. आणि तो आला होता सोमवारी. मुलीचा राजीनामा त्यानंतर टाईप झाला.

५

संध्याकाळी मापघरात चौघं होते. स्टुलावर मापवाली, समोर राजीनाम्याचा कागद, गिऱ्हाइकाच्या खुर्चीत थोरले, दाराशी धाकटे. विहीणबाईंनी उभ्यानंच सांगितलं. आवाज चढवला नाही, नोंदीतली मधली ओळ वाचून दाखवली, एका नावाची गोष्ट सांगितली, वाचनालयातला पाय सांगितला. पैजेचं सांगताना मात्र त्यांनी खिडकीबाहेर बघितलं.

थोरल्यांचे हात मांडीवर होते. ते आधी त्यांनी उलटे केले, मग सुलटे.

"मी विचारलं होतं याला," ते म्हणाले. "सोमवारीच. म्हटलं, मी जुन्यावरचं पुसलं, त्याचा काही संबंध नाही ना रे? हा म्हणाला, छे दादा, तो वेगळा. मला हवं होतं तेच उत्तर मिळालं. म्हणून पुन्हा नाही विचारलं."

मग धाकटे बोलू लागले आणि थांबेचनात. दादाला कळलं असतं तर तो खचला असता, म्हणून. वडिलांच्या पिढीपासूनची मापं त्याच्याच हातून गेली हे त्याला कसं सांगायचं. पोलिसांत तर जाणारच नव्हतो. तिला दुसरी नोकरी होतीच, ती जाणारच होती, तिचं असं काय नुकसान.

"जावईबापू," विहीणबाई म्हणाल्या, "दादांना वाचवायचं होतं तर खुशाल म्हणायचं होतं, माझ्या हातून गेलं. ते खोटंही फारसं नव्हतं. एका नावावर सगळ्यांना कुणी बसवलं? जोडणी कुणी ठेवली? जादा प्रतीला नको कुणी म्हटलं? तुम्ही दादांना वाचवत होता, हे मी अर्धं मानते. अर्ध्या वाटणीत तुम्ही स्वतः होता, आणि दोघांच्या वाटणीचं भरायला ही पोर."

"आई, लोकांसमोर तरी..."

"लोक कुठेयत? जिला तुम्ही लोक समजत होता तीच तर चोर ठरली होती."

धाकट्यांनी मान खाली घातली. मापघराची फरशी दिसली असेल, आणि तिच्यावर पायांच्या खुणा, जिथे लोक मोजे काढून उभे राहतात. त्यांनी हात जोडले. मापवालीनं ते हात पाहिले न पाहिल्यासारखे केले.

"माफी राहू द्या, सर," ती म्हणाली. "त्या कंपनीला फोन लावा. इथे, माझ्यासमोर. काल जे बोललात त्याच्या उलट बोला."

त्यांनी लावला. जे बोलले ते सगळ्यांनी ऐकलं. पलीकडचा माणूस सौम्य होता. गैरसमज दूर झाल्याबद्दल आभार मानून म्हणाला, की ती जागा मात्र आज सकाळीच भरली.

मापवालीनं कागद उचलला, माझ्या हातून मापं पुसली गेली, हे वाक्य शाईनं खोडलं आणि खाली सही केली. पुढच्या महिन्याची तारीख घातली. तोवर जेवढे पाय पुन्हा येतील तेवढे मोजून देते, म्हणाली. त्या गिऱ्हाइकांनी काही केलेलं नाही. पण खातं प्रत्येकाचं वेगळं, हे उद्याच.

६

राहता राहिला वाचनालयातला पाय.

धाकट्यांचं मत, की त्या फाईलवर नुसता आकडा आहे. कॉम्प्युटर परत आणू, जोडणी तोडू, विषय संपला. त्या बाईंना सांगून उगाच दुःख कशाला. थोरले बूट घालत होते. आपले आपण घालायला त्यांना त्या दिवशी बराच वेळ लागला.

संगीत शिकवणाऱ्या बाईंनी दार उघडलं. आत कुणी तरी मूल सूर लावून बसलं होतं, त्याला त्यांनी थांबायची खूण केली. थोरले उंबऱ्याबाहेर उभे राहून सांगू लागले. चूक आमची, तुमची फाईल, गल्लीच्या टोकाला, अशा तुटक शब्दांत ते वाचनालयापर्यंत पोचले असतील नसतील.

"मी रविवारी तिथेच होते," बाई म्हणाल्या.

त्या वाईट बोलल्या नाहीत. बुटांचं काम चालू ठेवा, म्हणाल्या, लागणारच आहेत. आणि मुलाचा सूर घसरतोय म्हणून आत गेल्या.

आता जमाखर्च.

थोरल्यांना त्यांचं वाक्य मिळालं, ते त्यांनी अजून वापरलेलं नाही. रोज एकेका गिऱ्हाइकाला ते स्वतः फोन करतात, आलेल्या माणसापुढे स्वतः वाकून मोजे काढतात आणि चूक आमची म्हणतात. ज्यांनी एकदा कसाबसा धीर करून पाय दाखवला होता, त्यांना तो धीर पुन्हा करावा लागतो. काही जण येतच नाहीत. जादा प्रतीची सोय आता आहे, खातीही माणशी आहेत, आणि धाकटे जेवताना फोन दुसऱ्या खोलीत ठेवतात. मापवाली महिनाअखेर गेली. कुठे, ते तिनं सांगितलं नाही, आणि विचारायचं तोंड कुणाला नव्हतं. विहीणबाई लेकीकडे जातात तेव्हा जावयाला नेमकं बाहेर काम निघतं. लेकीनं एकदा कप पुढे करताना विचारलं, एवढं खोल जायची गरज होती का, आई. त्यांनी चहा संपवला, पण तिच्याकडे बघितलं नाही.

आणि वाचनालयातून एक सभासद कमी झाली. पुस्तकं दुसऱ्या कुणाच्या हाती परत आली, सोबत ओळखपत्र, चिठ्ठी नाही. सगळ्यांनी थोडंथोडं भरलं. सर्वांत जास्त जिनं भरलं तिचं नाव, दुकानाच्या नियमाप्रमाणे, कुठेही लिहिलेलं नव्हतं.